खुब्याच्या ऑपरेशनमध्ये ॲक्युपंक्चर: सुई कधी, कुठे आणि कशासाठी

खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला ॲक्युपंक्चर द्यावं का, हा प्रश्न नातेवाईक मला बहुतेक वेळा कॅज्युअल्टीच्या दारातच विचारतात. त्याची खरी वेळ येते ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन खाटेशी येतो आणि आजी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतात, तेव्हा.

मी भूलतज्ज्ञ आहे. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं हे माझं रोजचं काम, आणि संध्याकाळी वॉर्डात फिरून कुणाचं किती दुखतंय ते बघणं हे त्याच कामाचं दुसरं टोक. ॲक्युपंक्चर मी बऱ्याच उशिरा शिकले. त्याला कुणी चमत्कार म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि थोतांड म्हटलं तरी पडते. हे लिहितेय ते खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या मुलासाठी, सुनेसाठी, नवऱ्यासाठी. यात सुया टोचायला शिकवलेलं नाही. त्या तुम्ही टोचायच्याच नाहीत. कुणाला बोलवायचं, काय विचारायचं, कुठे टोचू द्यायचं, कुठे ‘थांबा’ म्हणायचं आणि तुमच्या स्वतःच्या बोटांनी काय करता येईल, एवढंच सांगते.

आधी हाड, मग सुई

मोडलेला खुबा दुखतो तो मुख्यतः हाडाची टोकं हलतात म्हणून. निश्चल पडून असताना आजोबा बऱ्यापैकी शांत दिसतात. बेडपॅन द्यायला कूस बदलली, एक्स-रेच्या टेबलावर सरकवलं, की किंचाळतात. याच्यावरचा खरा उपाय म्हणजे ती टोकं पक्की करणं: मांडीच्या हाडात खिळा घालून, प्लेट आणि स्क्रूने, किंवा हाडाचा वरचा गोळा बदलून. प्रकृती साथ देत असेल तर हे दाखल झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं, फार तर ४८ तासांत. नुसतं पडून राहण्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून ‘आधी थोडे दिवस सुया लावून बघू, कदाचित ऑपरेशन टळेल’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका, तो कितीही आदरणीय नातलग असला तरी. सुईने हाड जुळत नाही.

कॅज्युअल्टीत विचारायचा प्रश्न ॲक्युपंक्चरचा नाही. विचारा, “ब्लॉक देणार का?” जांघेजवळ सोनोग्राफीने बघत बधिर करणारं औषध सोडलं की मांडीच्या पुढच्या भागाकडे आणि खुब्याकडे जाणाऱ्या नसा काही तास गप्प होतात. फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात त्याला. सोबत पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दर ६ तासांनी, ‘आत्ता दुखत नाहीये’ असं पेशंट म्हणाला तरी. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून वजन विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

एवढं झाल्यावरही एक फट उरते. म्हाताऱ्या माणसाला डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला आणि जठराला बाधतात, म्हणून आम्ही त्या टाळतो. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल दिलं तर मळमळ, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि रात्री अचानक ‘भिंतीवर माणसं दिसतात’ अशी बडबड. औषध कमी केलं तर दुखणंही तीच बडबड घडवतं. औषध वाढवा तरी भ्रम, कमी करा तरी भ्रम, अशा या चिंचोळ्या जागेत ॲक्युपंक्चरला काम आहे. औषधाच्या ऐवजी म्हणून ते वापरायचं नाही. औषधाचा थोडा भार उचलण्यापुरतं वापरायचं.

किती अपेक्षा ठेवायची

अपेक्षेवरून वाद होतात, म्हणून हे नीट वाचा.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड इथल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये खुबा बदलण्याच्या ऑपरेशननंतरची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाच्या कानात ठरलेल्या बिंदूंवर बारीक सुया चिकटवून ठेवल्या, दुसऱ्या गटाच्या कानात भलत्याच जागी. पेशंट स्वतः बटण दाबून वेदनाशामक घेत होते. खऱ्या बिंदूंच्या गटाने पहिल्या ३६ तासांत साधारण एक तृतीयांश औषध कमी घेतलं. पण ‘किती दुखतंय’ याचे आकडे दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे दुखणं तेवढंच, औषध कमी. हे पेशंट ठरवून खुबा बदलायला आलेले होते, पडून हाड मोडलेले नव्हते, हेही लक्षात ठेवा.

हाड मोडलेल्यांवरची मला आवडलेली चाचणी व्हिएन्नातली, २००६ मधली. रुग्णवाहिकेतून नेताना ३८ वृद्धांच्या कानावर दाब दिला, निम्म्यांना खऱ्या बिंदूंवर, निम्म्यांना खोट्या. सुई नाहीच. रुग्णालयात पोचेपर्यंत खऱ्या बिंदूंवर दाब दिलेल्यांचं दुखणं आणि घाबरणं, दोन्ही कमी झालेलं होतं. नाडीचे ठोकेही उतरले होते. चाचणी लहान आहे, पण दाब द्यायला काही लागत नाही आणि नुकसानही जवळजवळ नाही, म्हणून मी ती मनावर घेते.

आणि ‘चीनमध्ये तर नुसत्या सुयांवर ऑपरेशन करतात’ हे वाक्य. ते पसरण्यात अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या १९७१ मधल्या बातमीचा मोठा वाटा आहे. बीजिंगमध्ये त्यांचं अपेंडिक्स काढलं. पण ते काढताना भूल नेहमीच्या इंजेक्शनची होती! सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं म्हणून. रेस्टन यांनी ते स्वच्छ लिहिलंही होतं. लोकांनी सोयीस्कर वाचलं. तेव्हा थिएटरमध्ये पाठीतल्या भुलेऐवजी सुया लावा, असा आग्रह माझ्याकडे धरू नका.

हे काम कसं करतं? शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडतं, हा त्यातला एक भाग. त्या द्रव्यांना अडवणारं नॅलोक्सोन दिलं की काही प्रयोगांत सुईचा परिणाम पुसला गेला. उंदरांवरच्या २०१० च्या एका प्रयोगात सुईभोवतीच्या पेशींतून ॲडेनोसिन नावाचं, दुखणं दबवणारं द्रव्य बाहेर पडताना दिसलं. याशिवाय कुणीतरी अर्धा तास शांतपणे शेजारी बसतं, याचाही परिणाम असतोच, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

ऑपरेशनच्या आधी: फक्त कान, फक्त बोटं

मोडलेल्या पायाला ऑपरेशनआधी सुई लावू देऊ नका. स्नायू आधीच हाडाभोवती आवळून बसलेले असतात. सुईने ते फडफडले तर हाडाची टोकं एकमेकांवर घासतात. नितंबातला खोल बिंदू तर नाहीच नाही, कारण त्यासाठी कुशीवर वळवावं लागतं.

कान मोकळा असतो. कानाच्या वरच्या भागात, आतल्या बाजूला, एक त्रिकोणी खळगा लागेल. बाहेरच्या कडेला समांतर जाणारा जो आतला उंचवटा आहे, तो वर जाऊन दोन फाट्यांत फुटतो, आणि त्या दोन फाट्यांच्या मधला खळगा तो हाच. खळग्याच्या मागच्या टोकाकडे, फाटे फुटतात त्याच्या जरा वर, शन-मन नावाचा बिंदू आहे. घाबरणं आणि दुखणं दोन्हींसाठी सगळे तोच पहिला धरतात. खुब्याचा बिंदू त्याच्या शेजारीच, वरच्या फाट्याच्या खालच्या भागात. फ्रेंच नकाशात त्याची जागा थोडी वेगळी दाखवतात (कानाचा आधुनिक नकाशा १९५० च्या दशकात पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टरांनी मांडला आणि चिनी लोकांनी आपला वेगळा केला), पण तुमचं बोट एवढं रुंद आहे की त्या भांडणाने तुम्हाला फरक पडत नाही.

हात धुवा. नखं कापलेली हवीत. तर्जनीचं टोक खळग्यात, अंगठा कानाच्या मागून. हळूहळू दाब वाढवा, आजी “हं, इथे लागतंय” म्हणतील तिथे थांबा. तेवढाच दाब साधारण एक मिनिट धरा, सोडा, दुसऱ्या कानावर जा. घासायचं नाही, ऐंशीच्या घरातल्या माणसाची कातडी घासल्याने सुटते. एक्स-रेला न्यायच्या आधी, बेडपॅनच्या आधी, खाटेवरून ट्रॉलीवर घ्यायच्या आधी करा. दुखणार हे माहीत असतं त्याच्या पाच मिनिटं आधी. दुखून झाल्यावर कान दाबत बसण्यात अर्थ नाही.

काही जण मोहरीएवढं वनस्पतीचं बी किंवा धातूचा मणी चिकटपट्टीने कानावर लावून देतात आणि दिवसातून चार-पाच वेळा त्यावर दाबायला सांगतात. चांगली सोय आहे. पण थिएटरमध्ये जाताना कानावरचं सगळं काढायचं, मणी असो की सुई. थिएटरात रक्तस्राव थांबवायला विजेवरचं उपकरण वापरतात, अंगावर धातू नको. एक्स-रेत न दिसणाऱ्या मोडीसाठी एमआरआय ठरला असेल तर त्याच्याही आधी. मी भूल देण्याआधी दातांची कवळी विचारते तसं आता कानही बघते.

मनगटावरचा बिंदू मळमळीसाठी

या एका बिंदूचा पुरावा बाकी सगळ्यांपेक्षा भक्कम आहे, आणि तो दुखण्यासाठी नाही. नेइ-ग्वान हे त्याचं चिनी नाव, पीसी ६ हा त्याचा क्रमांक. मनगट आपल्याकडे वळवा. हाताच्या तळव्याखालची आडवी घडी धरून पेशंटची स्वतःची तीन बोटं कोपराकडे ठेवा. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधल्या दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांच्या मधोमध. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या बिंदूच्या ५९ चाचण्यांचा आढावा कोक्रेनने, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेने, २०१५ मध्ये घेतला. खोट्या उपचारापेक्षा मळमळ आणि उलटी कमी, आणि उलटीच्या औषधांच्या जवळपास तोडीचा परिणाम.

ट्रॅमाडॉलने मळमळ होते, म्हणून पेशंट जेवत नाही, म्हणून गोळी नको म्हणतो, म्हणून दुखतं, म्हणून उभा राहत नाही. ही साखळी इथे तोडता येते. ज्या हातात सलाइनची सुई आहे तो हात सोडून दुसरा घ्या. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबा, किंवा प्रवासात उलटी होऊ नये म्हणून बटण असलेला पट्टा मिळतो तो बांधा. पट्ट्याखाली कातडी लाल होतेय का ते अधूनमधून बघा. हात सुजला तर काढून टाका.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

बहुतेकांना ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उभं करतात. याच दिवसासाठी मी सुया राखून ठेवते.

आधी परवानग्या. हाडांच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बाहेरचा ॲक्युपंक्चर करणारा वॉर्डात आणू नका. चोरून तर अजिबात नको, सिस्टरला पडद्यामागे सुई सापडते आणि मग सगळ्यांचीच अब्रू जाते. येणाऱ्याला विचारा: रुग्णालयात दाखल पेशंटवर काम केलंय का? सुया एकदाच वापरायच्या, सीलबंद पाकिटातल्या आहेत का? पाकीट तुमच्यासमोर फोडू दे. मग तुम्ही त्यांना सांगायचं: कोणत्या बाजूचं ऑपरेशन, काय बसवलंय, रक्त पातळ करणारं कोणतं औषध चालू आहे आणि शेवटचा डोस कधी दिला, पेसमेकर आहे का, हृदयाची झडप बदललीय का, साखर किती. हे न विचारता कुणी सुई बाहेर काढली तर तिथेच नमस्कार करून निरोप द्या.

वेळ अशी धरा: फिजिओथेरपिस्ट ११ वाजता येणार असेल तर पॅरासिटामॉल १० च्या सुमारास पोटात गेलेलं हवं, सुया सव्वादहाला लागायला हव्यात, आणि पावणेअकराला निघायला हव्यात. सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. संध्याकाळी, पाहुण्यांची वेळ संपल्यावर ‘आज थोडं आराम वाटू दे’ म्हणून केलेल्या बैठकीचाही उपयोग होतो, झोप बरी लागते, पण एकच वेळ मिळणार असेल तर मी सकाळ मागून घेते. नुसतं पडून दुखणं बहुतेक औषधांनी आवरतं. उभं राहतानाचं दुखणं आवरत नाही, आणि माणूस खाटेला खिळतो ते त्याच दुखण्याने.

पेशंट पाठीवर, डोकं थोडं उंच, गुडघ्यांमध्ये उशी असेल तर ती तशीच. हाडाचा गोळा बदललेला असेल आणि चीर मागून घेतलेली असेल तर पाय आत वळवू नये, एकावर एक टाकू नये, खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडू नये. सुई लावणाऱ्याला ‘जरा पाय असा घ्या’ म्हणायची सवय असते. त्याला हे आधी सांगा.

कुठे लावू द्यायच्या? माझी पसंती कान, हात आणि ऑपरेशन न झालेला पाय. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागातला ह-कू. गुडघ्याखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर, तो त्सू-सान-ली, एसटी ३६. ऑपरेशनच्या पायावर सूज असते, ड्रेसिंग असतं, आत नवीन धातू असतो. तिथे एका सुईने जंतू आत गेले तर त्याची किंमत फार मोठी. जखमेच्या आसपास सुई नको, हा माझा हट्ट आहे आणि तो मी सोडत नाही.

एक बारकावा भूलतज्ज्ञ म्हणून सांगते, कारण बाहेरून येणाऱ्याला तो माहीत असेलच असं नाही. पाठीतल्या भुलेचा अंमल उतरला नसेल तर दोन्ही पाय बधिर असतात. जांघेतला ब्लॉक चालू असेल तर त्या बाजूच्या मांडीचा पुढचा भाग आणि नडगीची आतली बाजू बधिर असते, बाहेरची बाजू नसते. बधिर कातडीत सुई लावली तर पेशंटला जडपणा, झिणझिण्या काहीच कळत नाहीत, आणि सुई नसेला लागली तर तेही कळत नाही. म्हणून सुईच्या आधी बोटाने स्पर्श करून “इकडे आणि तिकडे सारखंच लागतंय का?” हे विचारायचं. सारखं नसेल तर तो पाय सोडा. पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून चढवलेले घट्ट मोजे किंवा हवेच्या पट्ट्या त्सू-सान-लीवरच येतात; त्या काढून ठेवून नंतर चढवायला विसरणं, हे सुई न लावण्यापेक्षा वाईट. त्या काढायच्या असतील तर सिस्टरला विचारून, आणि परत चढवेपर्यंत तुम्ही तिथून हलायचं नाही.

सुई आत गेल्यावर क्षणभर टोचतं, मग जडपणा, बोथट ओढ लागते. ते ठीक. विजेसारखी चमक पायात गेली तर लगेच बोला, सुई मागे घ्यायला सांगा. घाम, चेहरा पांढरा, गरगर: सगळ्या सुया काढायच्या, डोकं खाली, सिस्टरला हाक. झोपूनच करतो म्हणून हे क्वचित होतं, पण उपाशीपोटी माणसाला होऊ शकतं.

सुयांना बारीक विजेचं यंत्र जोडणारेही आहेत. मंद गतीची, सेकंदाला २ ठोक्यांची वीज आणि जलद, १०० ठोक्यांची वीज शरीरातून वेगवेगळी द्रव्यं सोडवते, हे हान जीशेंग या चिनी शास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आलं, म्हणून यंत्रं दोन्ही आलटून पालटून देतात. पेसमेकर असेल तर यंत्र नको. नसेल तर स्नायू हलका फडकेल एवढीच वीज. आजोबा दात आवळत असतील तर ती जास्त झाली.

सुया मोजा. लावताना मोठ्याने मोजायला सांगा, काढताना पुन्हा. आकडा पेशंटच्या कागदावर लिहून ठेवा. चादरीत राहिलेली एक सुई रात्री कूस बदलणाऱ्या सिस्टरच्या हातात घुसते, मग तिच्या रक्ततपासण्या, तिची झोप, आणि वॉर्डातून ॲक्युपंक्चर कायमचं हद्दपार.

कानात राहणाऱ्या सुया

चिकटपट्टीतली, एक-दीड मिलिमीटरची सुई कानात दोन-तीन दिवस ठेवतात. अमेरिकन हवाई दलातल्या रिचर्ड निएमत्झाव यांनी २००१ मध्ये पाच बिंदूंची एक पद्धत आखली, सैनिकांसाठी, म्हणून तिला ‘बॅटलफिल्ड’, म्हणजे रणांगणावरचं, ॲक्युपंक्चर म्हणतात. तीही अशाच छोट्या सुयांची. पटकन होते, पेशंटला हलवावं लागत नाही.

पण म्हाताऱ्या माणसाचा कान रिकामा कुठे असतो? चष्म्याची काडी, ऑक्सिजनच्या नळीचा वेढा, श्रवणयंत्र. श्रवणयंत्र बसत नसेल तर सुई काढा, यंत्र ठेवा. ऐकू न येणारा माणूस वॉर्डात रात्री जास्त भांबावतो, आणि ते सुईच्या फायद्यापेक्षा महाग पडतं. झोपताना ज्या कुशीकडे मान जाते तो कान सोडा. कान लाल, गरम, दुखरा झाला की सुई लगेच काढून डॉक्टरांना दाखवा. कानाच्या कूर्चेतला जंतुसंसर्ग चिवट असतो. हृदयाची झडप बदललेली असेल, प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर राहणाऱ्या सुया नकोतच, बी चिकटवा. भ्रमात असलेला, नळ्या उपटणारा पेशंट असेल तर कुठलीही सुई नको. फक्त तुमची बोटं.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबद्दल घाबरून विचारतात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटावर देतात ती इंजेक्शनं चालू असताना हातापायांच्या वरवरच्या बिंदूंवर बारीक सुई सहसा चालते, जरा जास्त दाबून धरावं लागतं, कधी निळा डाग पडतो. वॉर्फरिनचा परिणाम जास्त झालेला असेल किंवा प्लेटलेट खूप कमी असतील तर डॉक्टरांनी ‘हो’ म्हणेपर्यंत थांबा. छाती-पाठीवर खोल सुई या आजारात लागतच नाही, त्यामुळे फुफ्फुसाला भोक पडण्याचा प्रश्न येऊ देऊ नका.

फायदा होतोय का, हे कसं ठरवायचं

‘बरं वाटतंय का?’ असं विचारलं की आपली माणसं तुमचं मन राखायला ‘हो’ म्हणतात. म्हणून एक वही करा. सुईच्या आधी आणि नंतर, दोन आकडे, ० ते १०: पडून असताना किती, आणि बसतं करताना किती. शेजारी वेदनाशामकाची वेळ आणि नाव. शेवटच्या रकान्यात काय जमलं ते: खाटेच्या कडेला बसल्या, उभ्या राहिल्या, संडासापर्यंत गेल्या. मी तो शेवटचा रकाना आधी वाचते. आकडा ६ वरून ६ च राहिला आणि आजी संडासापर्यंत जाऊन आल्या, तर माझ्या लेखी फायदा झाला. आकडा ६ वरून ३ झाला आणि त्या खाटेवरच आहेत, तर नाही.

स्मृतिभ्रंश असेल तर आकडे विसरा. श्वास कसा चाललाय, कण्हणं, चेहरा, अंगाची चुळबुळ, आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. पेनॅड नावाची ही मोजपट्टी सिस्टर वापरतात, त्या तुम्हाला दाखवतील. आधी-नंतर एकाच माणसाने मोजावं.

दोन-तीन बैठकांत वहीत काही हललं नाही तर बंद करा. ‘दहा बैठकांनंतर गुण येईल’ हे जुनाट पाठदुखीत कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. इथे आठवड्याभरात माणूस घरी जायचा असतो.

सुई बाजूला ठेवून हाक मारायची वेळ

काल बरं होतं आणि आज एकाएकी असह्य झालं, हे ॲक्युपंक्चरचं काम नाही. ऑपरेशनचा पाय आखूड दिसतोय किंवा वेडावाकडा वळलाय: गोळा निसटला असेल. पोटरी सुजून घट्ट झालीय, किंवा धाप लागलीय, छातीत दुखतंय: गुठळी असेल. जखमेतून पाणी, ताप, थंडी. पावलाचा चवडा वर उचलता येत नाहीये. यातलं काहीही दिसलं की लगेच डॉक्टर, आणि तोवर कानही दाबू नका, कारण दुखणं थोडं दबलं की तुम्ही आणखी एक तास वाट बघाल.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी कान तपासा, सुया आणि मणी मोजून काढा, किंवा ठेवायचे असतील तर कधी काढायचे ते कागदावर लिहून घ्या. वही सोबत न्या; पहिल्या फेरतपासणीला ती एक्स-रेइतकीच उपयोगी पडते. घरी व्यायामाच्या आधी कान आणि मनगट दाबणं चालू ठेवायला हरकत नाही. गुठळ्यांसाठीचं औषध काही आठवडे चालतं, तेव्हा घराजवळच्या ॲक्युपंक्चर करणाऱ्याकडे गेलात तर ते आणि खुब्यातला धातू, दोन्ही पहिल्या वाक्यात सांगा. नितंबातल्या खोल बिंदूवर लांब सुई लावायचं त्याने काढलं, तर हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागायला सांगा, आणि ती मिळेपर्यंत हातापायांच्या बिंदूंवरच ठेवा.